भिंतीला लावलेला हात

नातीला पहिला दात आला त्या वर्षी थंडी लवकर पडली आणि मुक्कामालाच आल्यासारखी राहिली. दाताची बातमी लेकीनं फोनवर दिली. मामी पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होत्या, "खालचा की वरचा?" असं विचारत होत्या, तेवढ्यात खोलीतला दिवा गेला आणि पायाशी ठेवलेल्या हीटरचे दोन लाल रॉड हळूहळू काळे पडले.

"थांब गं जरा," मामी फोनवर म्हणाल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराकडे आवाज दिला, "अहो, उडाला!"

"कोण उडाला?"

"तुमचा लाडका. दुसरं कोण उडतंय या घरात?"

तारमामांनी चहाचं गाळणं खाली ठेवलं आणि ते खोलीबाहेरच्या अरुंद बोळात आले. या बोळातच, खोलीच्या दाराच्या वर, लाकडी फळीवर घरातले फ्यूज ओळीनं बसवलेले होते. चिनी मातीचे, पांढरे, साबणाच्या वडीएवढे. मामांनी मेन स्विच खाली केला, स्टूल ओढलं, गुडघ्याला दोन शिव्या घातल्या आणि वर चढले.

सगळी गल्ली त्यांना तारमामा म्हणायची. आयुष्यभर त्यांनी वायरमनचं काम केलं होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींतून त्यांनी ओढलेली तार अजून धावत होती. रस्त्यानं चालताना माणसांना घरं दिसतात, मामांना भिंतींच्या आतलं दिसायचं. इथून वर गेली, इथे वळली, इथे जोड आहे, इथून पंख्याला. संध्याकाळी गल्लीत दिवे लागले की ते खिडकीत उभे राहायचे आणि त्यांना वाटायचं, भिंती काचेच्या झाल्यात आणि आतून तांब्याच्या रेषा मंद उजळल्यात. असं ते कुणाला सांगत नसत. मामींना सांगायचे.

त्यांनी फ्यूज उपसून काढला. मधली बारीक तार वितळून गेली होती. दोन्ही टोकांना मोहरीएवढे दोन मणी तेवढे उरले होते. मामा ते मणी नेहमी नीट बघायचे. मग त्यांनी खिशातल्या रिळातून नवी तार काढली, एकच पदर, दोन स्क्रूंमध्ये ताणून बसवली, टोक आत वळवून दाबलं आणि फ्यूज जागेवर ठोकला.

खोलीत येऊन त्यांनी हीटरचा एकच रॉड लावला. मग मामींच्या कपाळाला हात लावून बघितला. उलटा हात, बोटांच्या पाठीनं.

"लग्न झाल्यापासून बघतेय," मामी म्हणाल्या, "ताप बघायचा तर उलटा हात. दूध गरम झालं का बघायचं तर उलटा हात. पोरगी झाली तेव्हा पाळण्यात तिला पहिला हात लावला तोही उलटा."

"कामाची सवय आहे ती."

"मी काय बोर्ड आहे?"

"अगं, उलट्या हाताला धक्का बसला तर हात मिटतो आणि आपोआप मागे येतो. तळहात लावला तर मिटताना तारच धरून बसतो. मग सुटत नाही."

"माहितीय. हजारदा ऐकलंय. म्हणजे मला धरायचं नाही."

"आधी तपासायचं, लाइन बंद आहे अशी खात्री झाली की मग तळहात."

"मग एवढी वर्षं तपासणंच चाललंय म्हणायचं," मामी म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

मामींचा आजार छातीचा होता आणि आता तो शेवटच्या पायरीवर होता. डॉक्टर आले की मामींशी हवापाण्याचं बोलायचे आणि जाताना मामांना जिन्यापर्यंत घेऊन जायचे. मागच्या वेळी जिन्यात त्यांनी सांगितलं होतं, "औषधं आहेत तीच चालू ठेवा. आता त्यांना ऊब ठेवा. बाकी आपल्या हातात फारसं नाही."

ऊब ठेवा. मामांनी त्याच दिवशी हीटर आणला. एक रॉड लावला तर चालायचा, पण त्यानं मामींचे पाय काही गरम व्हायचे नाहीत. दोन्ही लावले की थोडा वेळ सगळं छान व्हायचं, खोली गुलाबी व्हायची, मामी रजई छातीपर्यंत खाली घ्यायच्या, आणि मग फ्यूज उडायचा.

त्यात फ्यूजचा दोष नव्हता. मामांनी या खोलीत तार ओढली तेव्हा घरात हीटर येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. एक दिवा, एक पंखा, एक रेडिओ, एवढ्यासाठी ओढलेली ती बारीक तार. लाकडी पट्टीतून छतापर्यंत गेलेली, मग भिंतीत शिरलेली. आता तिच्यावरचं रबर म्हातारं झालेलं. स्वयंपाकघरातही तीच. नवी जाड तार ओढायला हवी होती. पण मामांच्या उजव्या हाताला अलीकडे कंप यायचा. फ्यूजची तार कशीबशी बांधता यायची, शिडीवर उभं राहून भिंतीत भोकं पाडणं जमलं नसतं. आणि लेकीला सांगावं तर तिच्याकडे दात येणारं, रात्रंदिवस रडणारं पोर. ती त्याच धंद्यातली, नव्या इमारतींत बोर्ड बसवायची. फोनवर रोज विचारायची, "बाबा, सगळं ठीक?" आणि मामा रोज म्हणायचे, "अगदी ठीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या दुकानातला शिंपी वर आला. मामींसाठी त्यानं गरम पाण्याच्या पिशवीला फ्लॅनेलचं आवरण शिवलं होतं.

"वहिनी, मापाला आहे का बघा. आयुष्यात पहिल्यांदा न हलणारं गिऱ्हाईक मिळालं."

"मी की पिशवी?" मामींनी विचारलं.

शिंपी चहा प्यायला बसला आणि तेवढ्यात दिवा गेला. मामा उठले. शिंप्यानं कप खाली ठेवला.

"मामा, एक सांगू का? रागवायचं नाही. चार पदर एकत्र पिळा, घाला आत आणि विसरून जा. सगळी दुनिया तेच करते."

"तू केलं होतंस," मामा बोळातून म्हणाले. "चार पदर नाही, खिळा घातला होतास."

"आता ते कशाला काढता?"

"का नको? वहिनींना सांग की. इस्त्री लावली की फ्यूज उडतो म्हणून या गृहस्थानं फ्यूजमध्ये खिळा बसवला. आठवडाभर काही झालं नाही. मग एक दिवस कापडाच्या ताग्यामागून धूर."

"त्या दिवशी मामांनी मला काय झाडलं होतं," शिंपी मामींना म्हणाला. "गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटलं, अहो माझी इस्त्री तर शाबूत आहे. तर म्हणाले, फ्यूज तुझ्या इस्त्रीसाठी नसतो, गाढवा. तुझ्यासाठीही नसतो. तो भिंतीतल्या तारेसाठी असतो. भिंतीतली तार तापली तर ती ओरडत नाही, तिला बाहेर येता येत नाही. तिच्या वाटचं कुणीतरी आधी वितळायला हवं, म्हणून हा बारीक तुकडा दारात बसवलेला असतो. त्याला लठ्ठ केलास तर तो वितळणार नाही, मग वितळणार कोण?"

"पाठ आहे की तुला," मामी म्हणाल्या.

"विसरतोय कशाला! त्यानंतर दोन दिवस मला स्वप्नात भिंती दिसत होत्या."

मामा फ्यूज बांधून खाली उतरले आणि त्यांनी एकच रॉड लावला. शिंपी गेला. जाताना दारात तो हळूच म्हणाला, "वहिनींचे हात बर्फासारखे आहेत हो."

त्या दिवशी दुपारी ऊन पडलं, पण नुसतं दिसायला. खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं बसलं होतं आणि त्यातून येणारा उजेड ताकासारखा पांढरा होता. मामी दोन रजया घेऊन पडल्या होत्या आणि तरी रजई हलत होती. दात वाजू नयेत म्हणून त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं. मामांना ते दिसलं.

"दुसरा लावू?"

"नको हो. तुम्हाला परत स्टुलावर चढावं लागेल. एक पुरे आहे."

मागितलं असतं तर मामांनी समजावलं असतं. मागितलं नाही, तिथे ते अडकले.

ते बोळात गेले. मेन खाली केला, स्टुलावर चढले, फ्यूज काढला. खिशातलं रीळ काढलं आणि एकदा, दोनदा, तीनदा तार मागेपुढे घेतली. तीन पदर झाले. त्यांची बोटं थरथरत होती, पण पीळ नेहमीसारखाच सुबक पडला. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुठल्याही घरात केलं नव्हतं. करणाऱ्यांशी भांडून दोन-तीन गिऱ्हाइकं तोडली होती. फ्यूज आत बसला तेव्हा नेहमीसारखाच आवाज झाला.

मग त्यांनी दोन्ही रॉड लावले. खोलीतलं कपाट बाजूला सरकवलं. त्यामागे, कमरेएवढ्या उंचीवर, तारेचा जुना जोड होता. त्यांना ती जागा डोळे मिटूनही सापडली असती. तिथे त्यांनी स्टूल ठेवलं, बसले आणि भिंतीला उलटा हात लावला.

थोड्या वेळानं मामींची रजई हलायची थांबली. त्यांनी तोंडातला पदर सोडला. गालांवर रंग आला, कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या आणि त्या झोपल्या. अशी झोप मामांनी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. हाताखाली भिंत गार होती, मग गार नव्हती, मग कोमट झाली. झोपलेल्या जनावराच्या पाठीला हात लावावा तसं वाटत होतं. भिंतीचं हे अंग आपल्याला श्वासागणिक कळतंय असं मामांना वाटलं. जास्त तापली असं वाटलं की ते उठून एक रॉड बंद करायचे, भिंत निवली की परत लावायचे.

मामी जाग्या झाल्या तेव्हा उजेड पिवळा झाला होता. त्या छताकडे बघत राहिल्या.

"मी नदीत उभी होते," त्या म्हणाल्या. "पाणी गरम होतं. घोट्याएवढंच. आणि तळाला तांब्याची नाणी चमकावीत तसं काहीतरी चमकत होतं." मग त्यांनी मान वळवली. "आज उडाला नाही."

"नाही."

"आणि तुम्ही भिंतीला हात लावून बसलाय."

मामांनी हात काढला नाही.

"किती पदर घातलेत?"

"तीन."

मामींनी डोळे मिटले. आता रागावणार असं मामांना वाटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आज फ्यूजच्या जागी तुम्ही."

"काढतो आता."

"काढा. पण थोड्या वेळानं. अजून थोडी नदी आहे."

तसे काही दिवस गेले. दुपारचं जेवण झालं की मामा तीन पदरांचा फ्यूज बसवायचे, कपाटामागे बसायचे आणि भिंतीला हात लावायचे. मामी झोपायच्या, उठल्या की स्वप्नं सांगायच्या. एकदा त्यांची आई अंगणात केस विंचरत बसलेली दिसली. एकदा घरातले सगळे फ्यूज पाखरं होऊन तारेवर ओळीनं बसले होते आणि मामा त्यांना दाणे घालत होते. संध्याकाळी मामा तीन पदरांचा फ्यूज काढून एका पदराचा लावायचे आणि रात्री एका रॉडवर भागवायचे. शिंप्यानं एकदा विचारलं, "हल्ली उडत नाही वाटतं?" मामा म्हणाले, "थंडी कमी झाली." बाहेर गवतावर दहिवर गोठलं होतं. शिंप्यानं खिडकीतून ते बघितलं आणि तो खाली दुकानात गेला.

ज्या दुपारी ते झालं त्या दुपारी धुकं उतरलंच नाही. खोलीत उजेड नव्हता, नुसता हीटरचा लाल रंग होता, आणि भिंत हाताखाली कोमट होती. मामींचा श्वास बारीक, एकसारखा चालला होता. मामांचा डोळा लागला.

स्वप्नात ही खोली नवीन होती. भिंती कोऱ्या, चुन्याचा वास. मामा तरुण होते आणि भिंतीतल्या भोकातून तार ओढत होते. पलीकडच्या खोलीतून मामी ती आत सारत होत्या. तेव्हा लेक पोटात होती. खरंच तसं झालं होतं. मदतीला कुणी नव्हतं म्हणून मामी म्हणाल्या होत्या, मी सारते, तुम्ही ओढा. पलीकडून त्यांचा आवाज यायचा, "आली का?" आणि मामा म्हणायचे, "आली." स्वप्नात तार संपतच नव्हती. येत होती, येत होती, पायाशी तिची वेटोळी साचत होती आणि ती ऊबदार होती. "आली का?" "आली." मग ती गरम झाली. मग हातात धरवेना. "आली का? अहो, आली का? अहो!"

"अहो! वास येतोय! अहो, उठा!"

मामींच्या आवाजानं मामा जागे झाले. त्यांचा हात भिंतीवरून घसरून मांडीवर पडला होता. खोलीत रबर जळाल्याचा उग्र वास होता आणि समोर भिंतीवर, जिथे हात होता तिथे, तपकिरी डाग पसरत होता. त्याच्या मधून धुराची एक बारीक रेघ निघाली होती. मामा बोळात कसे गेले ते त्यांना आठवत नाही. मेन खाली ओढला. परत आले, खिडक्या उघडल्या. बाहेरची थंडी लोंढ्यासारखी आत आली. त्यांनी मामींना रजईत गुंडाळलं, त्यावर स्वतःचा कोट टाकला, आणि पलंगाच्या कडेला बसून राहिले. मामी खोकत होत्या.

"फ्यूजला झोप येत नाही," खोकला थांबल्यावर मामा म्हणाले.

"हो," मामी म्हणाल्या. "तुम्हाला येते. माणूस आहात." रजईतून त्यांचा गार हात बाहेर आला आणि मामांच्या गुडघ्यावर बसला. "लेकीला फोन करा. आता ठीक म्हणू नका."

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी आली. एका खांद्यावर पोर, दुसऱ्या खांद्यावर हत्यारांची पिशवी. पोर तिनं आजीच्या कुशीत टाकलं, आणि थेट कपाटामागे जाऊन भिंतीवरचा डाग बघितला. मग बोळात जाऊन फ्यूज उपसला. उपसलेला फ्यूज हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

"तीन पदर," ती म्हणाली. "बाबा?"

मामा जमिनीकडे बघत होते.

"मी बांधले," पलंगावरून मामी म्हणाल्या. "मला थंडी वाजत होती. तुझे बाबा झोपले होते."

"तू स्टुलावर चढलीस?"

"चढले."

लेकीनं पीळ बघितला. टोक आत वळवून दाबलेलं होतं. या हातानं तिला धंदा शिकवला होता. तिनं हा पीळ अंधारातही ओळखला असता. तिनं एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे.

"बरं," ती म्हणाली. "तुझा पीळ अगदी बाबांसारखा पडतो हं आई."

"संगत," मामी म्हणाल्या.

मग लेकीनं कामाला सुरुवात केली. भिंत फोडायची नाही, तिनं ठरवलं. बोळातून मेनपासून जाड तार घ्यायची, दारावरच्या झरोक्यातून आत आणायची, प्लॅस्टिकच्या पट्टीतून पलंगापर्यंत. सरळ, उघड, सगळ्यांना दिसेल अशी. जुनी तार तिनं कापून मोकळी करून टाकली. मामांनी शिडी धरली. मध्येच ते म्हणाले, "तिथे वळण मोठं घे, तारेला मोडू नको." लेक म्हणाली, "घेतलंय बाबा." थोड्या वेळानं ते परत म्हणाले, "स्क्रू नीट आवळ. ढिला राहिला की जोडच तापतो." लेक म्हणाली, "आवळलाय. तुम्ही बघा." मामांनी वर हात करून बोटांच्या पाठीनं जोडाला स्पर्श केला. मेन बंद होता, तरी.

तार झरोक्यातून आत सारायची वेळ आली तेव्हा लेक बोळात होती आणि मामा आत. तिनं पलीकडून विचारलं, "आली का?" मामा तारेचं टोक धरून तसेच उभे राहिले. पलंगावरून मामीच म्हणाल्या, "आली गं, आली. ओढा की हो."

सगळ्यात शेवटी लेकीनं बोळात जुन्या फ्यूजच्या शेजारी एक छोटी पांढरी डबी बसवली. समोर काळा खटका. तसलीच एक सुटी डबी तिनं पिशवीतून काढून आईच्या हातात दिली.

"हा ब्रेकर. यात वितळायला काही नाही. आत दोन गोष्टी असतात. एक पट्टी असते, भार जास्त झाला की ती तापते आणि हळूहळू वाकते. वाकता वाकता खटका पाडते. आणि एक वेटोळं असतं. कुठे तार तारेला टेकली, शॉर्ट झालं, की ते वाट बघत नाही, झटक्यात पाडतं."

मामींनी खटका वरखाली करून बघितला.

"म्हणजे एक तुझे बाबा आणि एक मी."

"झटक्यात कोण?"

"ते सांगायला हवं का?"

मामांनीही ती डबी हातात घेतली. खटका वर केला, खाली केला. "आमचा जळून जायचा," ते म्हणाले. "हा नुसता हात सोडतो."

"आणि परत उचलता येतो," लेक म्हणाली. "पण आधी का पडला ते बघायचं. नुसता उचलत बसायचं नाही. आणि धरून तर मुळीच ठेवायचा नाही." हे बोलताना ती मुद्दाम आईकडे बघत होती. मामांना कळलं ते कुणासाठी आहे.

त्या दुपारी दोन्ही रॉड लागले. पोर आजीच्या पोटावर झोपलं. लेक जमिनीवर सतरंजीवर आडवी झाली आणि तिलाही झोप लागली. मामा सवयीनं कपाटाकडे गेले, भिंतीला हात लावला. भिंत गार होती. नुसती भिंत होती. ते परत येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि बऱ्याच दिवसांनी, कशालाही हात न लावता, झोपले. त्यांच्या स्वप्नात काही आलं नाही.

लेक पोराला घेऊन तिथेच राहिली. थंडी रेंगाळत होती. ब्रेकर एकदाही पडला नाही. मामी दिवसेंदिवस कमी बोलायला लागल्या, पण त्यांचे पाय गरम असायचे. शिंपी यायचा, नव्या पट्टीकडे बघून म्हणायचा, "शिलाई सरळ आहे." पोर रांगत बोळात जायचं आणि ब्रेकरच्या काळ्या खटक्याकडे बोट करायचं. मामी एकदा म्हणाल्या, "नदी आता गुडघ्याएवढी झाली." एकदा म्हणाल्या, "अहो, मी ओरडले नसते तर?" मामा म्हणाले, "तू ओरडलीस." त्यावर त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

शेवटच्या दिवशी दुपारी लेक पोराला घेऊन खाली शिंप्याच्या दुकानाबाहेर उन्हाला बसली होती. धुकं नव्हतं. मामा चहा घेऊन आत आले. हीटर लाल होता, खोली गुलाबी होती आणि मामींचं तोंड भिंतीकडे होतं. मामांनी कप खाली ठेवला.

त्यांनी मामींच्या कपाळाला हात लावला. उलटा. मग गालाला, मग मानेला. थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून, कपाळ, गाल, मान. काम करताना ते नेहमीच दोनदा तपासायचे. मग ते बोळात गेले, ब्रेकरचा खटका बोटानं खाली केला आणि परत आले. रॉड काळे पडेपर्यंत ते तिथे उभे राहिले.

मग त्यांनी हात सुलटा केला आणि अख्खा तळहात मामींच्या कपाळावर ठेवला. तो त्यांनी लवकर काढला नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात नात त्या खोलीत, त्या तपकिरी डागाच्या जरा खाली, दोन्ही तळहात भिंतीला टेकून पहिल्यांदा उभी राहिली. मामी गेल्या त्या थंडीच्या शेवटी, एका मंगळवारी दुपारी.